अवकाश आहे

शनिवार, १ जुलै १९८९. रक्कम चाळीस रुपये, त्यातले दहा प्रवेशाचे आणि तीस पहिल्या महिन्याचे. हजर तिघे: मी, बेल्याकडच्या एका गावचे किसनराव आणि त्यांची मुलगी सुजाता.

किसनरावांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढताना एकदा मोजल्या आणि माझ्या टेबलावर ठेवताना पुन्हा एकदा. मला हे आवडलं. पैसे न मोजता देणारा माणूस पुढच्या महिन्यापासून पैसे न देणारा निघतो, असा माझा अनुभव आहे. सुजाता दहावी झाली होती, मराठी माध्यमातून. तिला मी नेहमीचा प्रश्न विचारला, "टायपिंग शिकून काय करणार?"

ती म्हणाली, "पंख्याखाली बसून काम कराचं हाये, सर."

मी हसलो. किसनराव हसले नाहीत. ते हंगामात आदिलाबादच्या जिनिंगमध्ये कामाला असत. कापसाची जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, ज्याने पाहिली नसेल त्याला सांगतो, तिथे पंखा लावता येत नाही. रुई उडते. एप्रिलच्या उकाड्यातही माणसं पंख्याविना काम करतात, आणि संध्याकाळी बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. मुलीने लहानपणापासून बापाच्या भुवया पाहिल्या होत्या.

संपादकांनी मला "तरुणांची स्वप्नं" या विषयावर लिहायला सांगितलं आहे. मला स्वप्नांतलं फारसं कळत नाही. मला वेगातलं आणि चुकांतलं कळतं. आदिलाबादच्या बसस्टँडजवळ मी सोळा वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली, १९८३ ते १९९९. आठ यंत्रं होती. पाच इंग्रजी, दोन तेलुगू, एक मराठी. मराठीचं मी हौसेनं घेतलं होतं. ते लग्नपत्रिकांचा मजकूर आणि पलीकडच्या नातेवाइकांना धाडायचे अर्ज मारायला उपयोगी पडलं. त्यावर परीक्षेसाठी शिकायला कोणीच आलं नाही, आणि यायचं कारणही नव्हतं. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्रात आमची भाषा चाले, पण आमचे रहिवासी दाखले चालत नसत. अलीकडे आंध्रात दाखले चालत, पण भाषा चालत नसे.

धंदा साधा होता. एका मुलाला रोज एक तास यंत्र. पहिले पंधरा दिवस कळांवर कापड झाकून फक्त बोटं फिरवायची, तीच ती अक्षरं, कंटाळा येईपर्यंत आणि आल्यानंतरही. मग शब्द, मग ओळी, मग अर्ज आणि तक्ते. पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. इंग्रजीच्या लोअर परीक्षेला मिनिटाला तीस शब्द, हायरला पंचेचाळीस. चुकलेल्या शब्दांचे गुण कापले जातात, म्हणून मी वेगापेक्षा आधी चुका मोजायचो. परीक्षेला यंत्र आपलं आपण न्यायचं असे. त्या दिवशी मी हातगाडी करायचो, यंत्रं गोधड्यांत गुंडाळून वर ठेवायचो, आणि मुलं गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालायची. प्रत्येकाचा एक हात आपापल्या यंत्रावर. बाजारातले लोक थांबून बघायचे. कुणी तरी दर वेळी विचारायचंच, "सर, कोण गेलं?"

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. भीमपूरकडचा एक शेतकरी पाटबंधाऱ्याच्या पाण्याबद्दल तक्रार टाइप करायला आला. माझ्या यंत्रात दोन रंगांची रिबिन पाहून म्हणाला, "पुरा कागद लाल मारा."

"काऊन?" मी विचारलं.

"सायबाले दिसलं पायजे ना, मी किती तापून राह्यलो ते."

मी त्याला समजावलं की दरखास्त काळ्या शाईतच असते. तो म्हणाला, "मंग निदान सही तरी लाल करू द्या." सही तो अंगठ्याने करत होता.

आणि गोपाळ होता. बेल्याचाच, हुशार, इंटर म्हणजे बारावी झालेला. तास संपल्यावर पाच मिनिटं जास्त बसायची परवानगी मागायचा. कोरा कागद घालायचा, अगदी तळाशी उजव्या कोपऱ्यात जायचा, सहीपुरती जागा सोडायचा आणि खाली आपलं नाव मारायचा. नावाखाली "डेप्युटी तहसीलदार". वरचा सगळा कागद कोरा. मी म्हटलं, "अरे, वर काही तरी लिही. हुकूम कसला आहे?" तो म्हणाला, "ते खालचे लोकं लिहितात, सर." सगळ्या मुलांत त्याच्या त्या हुद्द्याची चेष्टा व्हायची. आज तो आदिलाबाद ते उटनूर जीप चालवतो. भेटला की पुढच्या सीटवर बसवतो आणि भाडं घेत नाही. मी त्या कागदांचा विषय काढत नाही, तोही काढत नाही.

सुजाता वेगळी होती. तिने आधी इंग्रजी लोअर केलं, बरे गुण मिळाले. मग मी तिला तेलुगूच्या यंत्रावर बसवलं, कारण सरकारी कचेऱ्यांत तेलुगू येणारा टायपिस्ट हवा असायचा. तिचं तेलुगू म्हणजे शाळेत दुसरी भाषा म्हणून घोकलेलं तेवढंच. अक्षरं ओळखायची, वाक्य लागायला वेळ लागायचा. मला धास्ती होती. तेलुगूत अक्षराखाली दुसरं अक्षर लोंबतं, वर खूण येते, कळा लक्षात राहत नाहीत. पण चारच महिन्यांत दिसलं की माझ्या वर्गात तेलुगूच्या सगळ्यात कमी चुका तिच्या. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांच्या तिच्यापेक्षा दुप्पट. मी बराच विचार केला तेव्हा कारण समजलं. ज्याला भाषा येते तो अर्धा शब्द वाचतो आणि उरलेला अंदाजाने मारतो. हिला अंदाज करताच येत नव्हता. समोर जे आहे तेच आणि तेवढंच ती मारायची.

एकदा मी तिला विचारलं, "आत्ता मारलंस त्या पत्रात काय आहे?"

"कुणाची तरी बदली हाये, सर."

ती सुट्टीची मंजुरी होती. पण पानभर एकही चूक नव्हती. १९९१ साली ती तेलुगू लोअर पहिल्या वर्गात पास झाली.

तिची ती पानं सुब्बाराव गारूंनी पाहिली. गारू म्हणजे तेलुगूतलं आदराचं 'जी'. हे एका कचेरीत हेडक्लार्क होते, समुद्राकाठच्या जिल्ह्यातून बदलून आलेले, पांढरा शर्ट, अत्यंत शुद्ध तेलुगू. आमच्याकडचे तेलुगू लोकसुद्धा त्यांच्यासमोर जपून बोलत. कचेरीतलं काम साठलं की मोठे तक्ते ते माझ्याकडून मारून घेत. सुजाताने मारलेला एक तक्ता त्यांनी खिडकीजवळ नेऊन पाहिला आणि मला आमच्या दखनी हिंदीत विचारलं, "ये कौन करा?" मी बोट दाखवलं. पुढच्या वेळी काम आणलं तेव्हा ते म्हणाले, "उसी लडकी को देव."

९२ चा कापूस बाजारात यायला लागला तेव्हाची गोष्ट. यंत्रांचे सुटे भाग आणायला मी हैदराबादला गेलो होतो आणि आठवडाभर शटर बंद होतं. त्याच आठवड्यात सुब्बाराव गारूंच्या कचेरीतला एक टायपिस्ट सोडून गेला. त्याच्या जागी लगेच कोणी तरी रोजंदारीवर घ्यायचं होतं. ते स्वतः चालत माझ्या इन्स्टिट्यूटपर्यंत आले. शटर बंद. शटरसमोर किसनराव उभे होते, जिनिंगच्या पाळीवरून सुटून, मुलीचा परीक्षा पास झाल्याचा दाखला आला का ते विचारायला आलेले.

सुब्बाराव गारूंनी त्यांना एकदा माझ्याकडे पाहिलं होतं. जिनिंगमधल्या माणसाला तेलुगू येत असणारच, असं धरून ते म्हणाले, "अम्मायिकि उद्योग अवकाशम् उंदि."

हे वाक्य मी पुढे कितीदा तरी मनात उलगडून पाहिलं आहे. चार शब्द. अम्मायिकि म्हणजे मुलीला. उंदि म्हणजे आहे. एवढं किसनरावांना येत होतं, बाजारात रोज कानावर पडणारं. उद्योग म्हणजे नोकरी, हेही त्यांना माहीत होतं, जिनिंगमधले सगळेच तसं म्हणत. राहिला अवकाशम्. तो त्यांना आपलाच वाटला. मराठीत अवकाश आहे म्हणजे अजून वेळ आहे, घाई नको. तेलुगूत अवकाशम् उंदि म्हणजे संधी आहे. आमच्याकडचा कुठलाही तेलुगू माणूस "चान्स उंदि" म्हणाला असता आणि किसनराव पळत सुटले असते. सुब्बाराव गारू शुद्ध बोलले.

किसनरावांनी हात जोडले, "बरं जी" म्हणाले आणि गेले. साहेबांना वाटलं, बापाला कळलं. बापाला वाटलं, साहेबांनी एवढ्या लांब येऊन धीर दिला. घरी जाऊन त्यांनी मुलीला सांगितलं, "सायेब सोताहून आले होते. नवकरीले अजून अवकास हाये म्हणे." आणि अवकाश आहे म्हणून त्यांनी तिला वणीला मावशीकडे पाठवलं. मावशीची पोरगी बाळंतीण होती.

मी परत आल्यावर मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सुब्बाराव गारू आले ते तीन आठवड्यांनी, तक्त्यांचा गठ्ठा घेऊन. गठ्ठा नेहमीपेक्षा मोठा होता. नवा टायपिस्ट हळू होता म्हणाले. मी विचारलं, नवा कधी आला?

"आपकी लडकी तो आयी नै," ते म्हणाले. "एक हफ्ता रुका मैं. साहब रोज पूछे."

"हमको कोई बोलाच नै."

"उसके बाप को बोला ना. यहींच. हाथ भी जोडा वो."

"क्या बोले थे?"

त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. माझ्या हातात सुटे भाग होते, ते मी खाली ठेवले. त्यांना मी मराठीतला अर्थ सांगितला. ते म्हणाले, "अय्यो." आणि गठ्ठा तिथेच सोडून गेले. पुढे त्यांची बदली होईपर्यंत ते माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्य एकदा तेलुगूत आणि एकदा हिंदीत बोलायचे.

सुजाता वणीहून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि पुन्हा जागा निघाली तर तिने तयार असावं असं मला वाटलं. तिने ऐकून घेतलं. मग ते चार शब्द स्वतःशीच एकदा पुटपुटली.

"सर, मी शाळेत शिकली होती हा शब्द," ती म्हणाली. "अवकाशम्, संधी. परीक्षेत लिवला होता. बाबानं घरी सांगतलं तवा मले वाटलं, बाबा मराठीतच सांगून राह्यले."

मी स्टूल पुढे सरकवलं. ती बसली नाही.

"बाबाले नका सांगू."

"पण त्यांना कळायला नको का? ते वाट बघत बसतील."

"बसू द्या. हे कळल्यावर ते काय करतीन?"

पुन्हा जागा निघाली नाही. पुढच्याच वर्षी रोजंदारीवर माणसं घेणं बंद झालं. आधी लागलेल्यांपैकी काही जण पुढे कायम झाले. तो हळू टायपिस्ट त्यांच्यात होता. मला तो अजून दिसतो. माणूस चांगला आहे.

९३ च्या उन्हाळ्यात किसनराव आले, भुवया पांढऱ्या, आणि त्यांनी टेबलावर साठ रुपये ठेवले. दोनदा मोजून. "अवकास हाये तं हायर पण करून घेऊ द्या सर तिले. तवर बसून काय करन?" साठ रुपये म्हणजे परीक्षेची फी आणि यंत्राचं भाडं. मी ते घेतले. मुलगीच म्हणाली होती की बसू द्या, तर मी नाही म्हणायला कोण. पण परीक्षेच्या आत तिचं लग्न ठरलं, वणीला. मुलगा तिथल्या दुकानात कामाला होता. हायरचा फॉर्म गेलाच नाही.

साठ रुपये माझ्याकडे राहिले. मी ते वेगळ्या पाकिटात ठेवले होते. परत द्यायला काढले की किसनराव हात मागे घेत. "राहू द्या जी. पोरगी येईन ना माहेरी. सायेब म्हणले होते, अवकास हाये." दर हंगामात एकदा तरी ते यायचे. पाणी प्यायचे, पंख्याकडे बघायचे आणि विचारायचे, "काही आलं का सर कचेरीतून?" मी नाही म्हणायचो, आणि ते खरंच असायचं. ते मान हलवायचे. "बरं. अवकासच हाये मंग अजून."

सुब्बाराव गारू बदलून गेले, साहेब बदलले, कचेरीची इमारतसुद्धा बदलली. किसनरावांचं वाक्य बदललं नाही. माझी बायको एकदा म्हणाली, "सांगून टाका ना त्या माणसाला." मी म्हटलं, पोरीने नाही म्हटलंय. ती म्हणाली, "पोरगी वणीला आहे. तो इथं तुमच्यासमोर बसतो." तिचं बरोबर होतं. पण पोरीचंही चूक आहे असं मला म्हणता येईना.

मग कॉम्प्युटर आले. समोरच्या गाळ्यात एकाने तीन कॉम्प्युटर आणि काचेचं दार लावलं. सहा महिन्यांत माझी मुलं निम्म्यावर आली. त्या मुलांचं काय झालं हे विचाराल तर तीही फार कुठे गेली नाहीत. पण त्यांच्या वर्गात पंखा नव्हता, एसी होता, आणि मुलं आधी ते बघतात. ९९ च्या मे महिन्यात मी यंत्रं मोडीत काढायचं ठरवलं.

त्याच महिन्यात एका दुपारी किसनराव आले. सोबत सुजाता होती, माहेरी आलेली, कडेवर दोन वर्षांची मुलगी. किसनराव बसले नाहीत. जिनिंग सोडून त्यांना दोन वर्षं झाली होती, छाती भरायची, पण भुवया आता खरोखरच्या पांढऱ्या होत्या.

"सर," ते म्हणाले, "माही नात, पोराची पोरगी, घरी तेलुगूचे शब्द पाठ करून राह्यली होती. मोठ्यानं. अवकाशम् म्हंजे संधी, म्हणे." ते थांबले. "चुकीचं पाठ करून राह्यली का ते?"

मी सुजाताकडे पाहिलं. ती मुलीचे केस नीट करत होती. मी म्हणालो, "किसनराव, शब्दाला दोन अर्थ असतात..."

"मले दोन नका सांगू. सायेब कोणता बोलले होते?"

आठही यंत्रं भिंतीशी ओळीने लावून ठेवली होती, रिबिनी काढलेली. भंगारवाला चार वाजता येणार होता. मी तोंड उघडलं, त्याआधी सुजाताच बोलली.

"बाबा, मी सांगतलं ना घरी. ते जागाच रद्द झाली होती. साहेब आले त्याच्या दुसऱ्या दिवशी वरतून कागद आला. कोणालेच घेतलं नाही. तुमी मले लगेच पाठवलं असतं तरी वापसच आली असती मी."

"कोणालेच नाही?"

"कोणालेच नाही. सरले माहीत हाये. म्हणून तं त्यायनं हायरचा फॉर्म भरला नाही. पैसे वापस द्याचे म्हणून ठेवले हायेत. हो ना सर?"

किसनराव माझ्याकडे वळले. "खरं हाये का सर?"

सोळा वर्षं मी मुलांना एकच शिकवलं. समोर जे आहे तेच मारायचं, अंदाजाने काही घालायचं नाही. माझ्यासमोर ती उभी होती, माझी सगळ्यात कमी चुकांची मुलगी, आणि तिने एकदाही डोळे खाली घेतले नाहीत.

मी म्हणालो, "खरं आहे."

"मंग मी उगाच..." किसनराव म्हणाले. वर पंखा चालू होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. सुजाताने मुलीला खाली उतरवलं आणि ती चिमुरडी एका यंत्राच्या कळा दाबायला लागली. तिला कोणी अडवलं नाही.

मी कपाटातून पाकीट काढलं. साठ रुपये, दहाच्या सहा नोटा, ९३ साली दिल्या त्याच. किसनरावांच्या हातात दिले. त्यांनी ते घेतले आणि न मोजता आतल्या खिशात ठेवले.